बसलेला खांदा

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात, एकलहऱ्याहून नाशिकरोडला परत येताना, रस्त्यावर सांडलेल्या कोळशाच्या चुरीवर सायकल घसरली आणि माझा उजवा खांदा निखळला.

वेळ सकाळची होती. मी नाशिकच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि वीज केंद्राच्या फाटकावरची कामगारांची सभा आटोपून निघालो होतो. पडताना हात पुढे टाकला. आवाज झाला तो हाड मोडल्याचा नव्हता. ओले कापड झटकल्यावर येतो तसा होता. उठून बसलो तेव्हा दिसले की खांद्याचा गोलवा गेला आहे आणि तिथे कोपरा आला आहे, शर्टाच्या आत खुंटी असावी तसा. डाव्या हाताने उजवे कोपर धरून ठेवले की दुखणे सहन होत होते. सोडले की होत नव्हते.

शेवंतीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेले एक माळी जोडपे बैलगाडीतून येत होते. गाडी थांबली.

"पाव्हणं, खांदा उतरलाय तुमचा," माळी म्हणाला. "वस्तादाकडं चला. लगेच बसवून देतो."

"आधी पाणी तर पाजा त्यांला," त्याची बायको म्हणाली. "तोंड बघा कसं पांढरं पडलंय."

त्यांनी मला पाट्यांच्या मध्ये निजवले. धुके होते. वीज केंद्राच्या धुराड्याचा फक्त वरचा भाग दिसत होता, खाली काही नसल्यासारखा. गाडी हलली की शेवंतीची फुले तोंडावर पडत. त्या प्रवासात दुखत होते हे मला माहीत आहे, पण आठवत नाही. आठवतो तो फुलांचा कडवट वास, आणि आपला हात दुसऱ्या कोणीतरी आपल्याजवळ ठेवायला दिला आहे अशी भावना.

वस्ताद म्हणजे गावच्या तालमीतले कुस्तीचे गुरू. आसपासच्या गावांत हाड बसवायला लोक त्यांच्याकडेच जात. त्यांनी मला जमिनीवर आडवे केले, काखेत टाच लावली, माझे मनगट दोन्ही हातांत धरले आणि गप्पा सुरू केल्या.

"तुमच्या पेपरात कुस्तीच्या बातम्या कोण लिवतं? चितपट कशाला म्हणत्यात ते तरी म्हाईत हाय का त्याला? मागल्या जत्रंला–"

आतून एक ठोका ऐकू आला. दुखणे बरेचसे थांबले.

"बसला," वस्ताद म्हणाले. त्यांनी लेप लावला आणि हात गळ्यात झोळी करून बांधला. "आता हलवायचा नाय."

झोळीतले दिवस

मी आणि माझी पत्नी सुमन नाशिकरोडच्या एका वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. सुमन नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मला रजा मिळाली. ती शाळेत गेली की मी खिडकीजवळच्या खाटेवर पडून असे. हिवाळ्याचे ऊन भिंतीवरून खाली उतरे, खाटेवर येई, पायांवरून जाई. गोळ्यांची गुंगी असायची. त्या गुंगीत एक स्वप्न वारंवार पडले: माझा हात दिवा लावून नदीत सोडलेल्या द्रोणासारखा वाहत चालला आहे आणि मी काठाने त्याच्याबरोबर चालतो आहे. घाई नाही. हात दिव्यासकट वळणाआड जातो. हे स्वप्न आहे, बातमी नव्हे. पडले तसे नोंदवतो.

खांद्याच्या बाहेरच्या बाजूला एक जागा बधिर होती. बोट फिरवले तर बोटाला खांदा कळे, खांद्याला बोट कळत नसे. लेपामुळे असेल असे मला वाटले. हे मुद्दाम लिहितो आहे. ज्यांचा खांदा निखळून बसवला गेला असेल त्यांनी पहिल्याच दिवशी तिथे बोट फिरवून पाहावे आणि कळत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. लेपावर सोडू नये.

लोक भेटायला येत.

"जयभीम. कसं काय आता?"

"खांदा बसला."

"चला, बरं झालं. सुटलात."

सुमन रोज सकाळी माझा शर्ट बदलायची. आधी दुखरा हात घालायचा, मग दुसरा, हे तिनेच शोधून काढले होते. शर्टाची बटणे लावता लावता ती म्हणायची, "खांदा बसलाय हो."

मी म्हणायचो, "हो. बसला."

हे संभाषण आमच्यात बऱ्याचदा झाले. तिच्या आवाजात काळजी होती, ती मी थकवा समजलो. माझ्या आवाजात समाधान होते, ते ती धीर समजली.

आई आली

झोळी सोडायच्या दिवशी माझी आई निफाडजवळच्या आमच्या गावाहून आली. ती द्राक्षाच्या बागांत मजुरीला जात असे. मांडवाखाली उभे राहून, हात वर करून, दिवसभर घडांची विरळणी करण्यात तिची वर्षे गेली होती, आणि हात वर जाणे हे तिच्या लेखी श्वास घेण्यासारखे होते.

झोळी सोडली. कोपर वाकत होते. बोटे हलत होती. मूठ वळत होती. हात बाजूला उचलायला गेलो तर काहीच झाले नाही. ताकद कमी पडते आहे असे नव्हते. निरोप जातच नव्हता. मी हाताकडे पाहत होतो आणि हात खाली पाहत होता.

आईने माझा सदरा बाजूला केला आणि तळवा खांद्यावर ठेवला.

"आरं, ह्यो खांदा गेला कुठं? हाडच लागतंय नुसतं. बसलाय की पार!"

"बसलाच आहे, आई. वस्तादांनी बसवला."

सुमनने हातातले पातेले खाली ठेवले.

"तुम्ही कोणतं बसला म्हणताय?"

"म्हणजे? निखळलेला खांदा बसला. जागेवर."

"मी इतके दिवस सांगतेय की खांदा बसलाय. फुगलेली पोळी बसते तसा. इथं गोल होतं ते सपाट झालंय. रोज सांगतेय आणि तुम्ही रोज हो म्हणताय."

"मग तसं म्हणायचं ना."

"तसंच म्हणत होते!"

आई आळीपाळीने आमच्याकडे पाहत राहिली. "दोघंबी शिकल्याली," ती म्हणाली. "एक शाळंत शिकवती, एक पेपरात लिवतो. आन् घरात एकमेकांचं कळंना."

तेवढ्या बोलण्यावर सुमनला हसू आले आणि त्याच हसण्यात ती रडली. मग आई तिच्यावर चिडली, कारण तिला वाटले सून तिला हसते आहे. ते मिटवण्यात दुपार गेली. खांदा तसाच राहिला.

निदानाचा दिवस

हाडांच्या डॉक्टरांनी साडीला लावायची पिन वापरली. ती सुमनकडूनच मागून घेतली. मला डोळे मिटायला सांगितले.

"टोचतंय?"

"हो."

"इथं?"

"हो."

मग बराच वेळ त्यांनी काही विचारले नाही. मी म्हणालो, "टोचा की."

"टोचतोच आहे," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले. सुमन दुसरीकडे पाहत होती.

त्यांनी सांगितले ते असे. सांधा नीट बसला आहे. परंतु दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस जाते. खांद्यावरचा मोठा त्रिकोणी स्नायू, ज्याने हात बाजूला उचलला जातो, तो तिच्यावर चालतो. हाड निसटताना ती नस ताणली गेली. ताणून झोपली असेल तर ती आपल्या वेळेने जागी होईल. तुटली असेल तर होणार नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायची. तोवर स्नायूने काहीच हालचाल दाखवली नाही तर मुंबईला जाऊन खांदा उघडून पाहावे लागेल, आणि त्यानंतरही हात उचलला जाईलच असे सांगता येणार नाही.

"आधी आलो असतो तर?" सुमनने विचारले.

"नस पडल्या क्षणीच ताणली गेली असणार. आधी आला असतात तर सांधा इतका आखडला नसता. नसेचं म्हणाल तर ती कुणाचं ऐकत नाही."

परतीच्या बसमधून उतरताना तिने माझे डावे कोपर धरले. नाशिकरोडच्या फलाटावरच्यासारख्या गर्दीत आम्ही इतकी वर्षे वावरलो होतो, पण तिने मला धरून उतरवले असे पहिल्यांदाच झाले.

शेकायची खोली

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला व्यायामाचा विभाग होता. पेशंट त्याला शेकायची खोली म्हणत. तिथल्या देशमानेबाई मूळच्या वणीच्या. टेबलावर खांद्याच्या हाडांचा सांगाडा होता, तारेने जोडलेला, हातांनी वापरून पिवळा पडलेला.

पहिल्या दिवशी त्यांनी चहाची बशी घेतली आणि तिच्यावर लिंबू ठेवले.

"हा तुमचा सांधा. कंबरेचा खुबा कसा, वाटीत चेंडू बसवल्यासारखा. निघायचं नाव नको. खांदा म्हणजे बशीवर लिंबू. म्हणून तर हात सगळीकडं फिरतो. आणि म्हणूनच निसटतो."

"मग एरवी का पडत नाही?"

"चार छोटे स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून बसलेत. वरून तो मोठा त्रिकोणी, पांघरुणासारखा. तुमचं पांघरूण झोपलंय."

त्यांनी सांगाड्यातला फरा, म्हणजे पाठीवरचे पाते, बोटाने हलवले. ते पातळ होते. उजेडाकडे धरले तर मधून उजेड यायचा. त्या म्हणाल्या की फरा पाठीच्या कण्याला जोडलेला नाही, बरगड्यांनाही नाही. तो मांसात तरंगतो. आख्खा हात शरीराच्या हाडांना फक्त एका ठिकाणी जोडला आहे: गळ्याखाली, जिथे गळपट्टीचे हाड छातीच्या हाडाला टेकते. मी तिथे बोट ठेवले. सुपारीएवढा उंचवटा लागला. इतकी वर्षे सायकलचे हॅन्डल, पिशव्या, सभांमधली ढकलाढकल, सगळे त्या सुपारीवर लटकलेले होते.

त्यानंतरच्या दुपारी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. खोलीला हिरवे पडदे होते. गरम ओल्या टॉवेलची वाफ असायची. बाई खांद्यावर दोन ओले तुकडे ठेवायच्या, मशीनचे बटण फिरवायच्या आणि विजेच्या झटक्याने तो झोपलेला स्नायू उडी मारायचा. उडी माझी नसायची. मी डोळे मिटून पडलेला असायचो आणि मला दिसायचे की फरा हा पाण्यावरचा तराफा आहे. त्याच्यावर कोणी नाही. दोऱ्या सुटलेल्या आहेत. तो अंगाभोवतीच संथपणे फिरतो आहे आणि काठाला लागत नाही. झटका आला की तराफा हले. थांबला की पुन्हा धुके.

"झोपू नका," बाई म्हणायच्या. "झटका आला की तुम्ही पण मनानं हात उचलायचा. नुसतं मशीनवर सोडलं तर स्नायू आळशी होतो."

"मनानं किती वेळा उचलू?"

"कंटाळा येईपर्यंत. आमच्या गडावरच्या आईला अठरा हात आहेत. अठरा खांदे. तिला हा त्रास झाला असता तर मला जन्मभर सुट्टी मिळाली नसती. तुमचा एकच आहे. उचला."

सप्तशृंगीच्या यात्रेच्या बातम्या मी दरवर्षी दिल्या होत्या. गर्दी, पाण्याची सोय, जादा बसगाड्या. मूर्तीला खांदे किती असतील हा विचार केला नव्हता. त्या दिवशी टॉवेलाखाली पडून मी तो केला, आणि हसताना खांदा दुखला. बऱ्याच दिवसांनी खांद्याने काहीतरी कळवले होते. बाईंनी मात्र ते दुखणे आखडलेल्या सांध्याचे आहे, नसेचे नाही, असे लगेच सांगितले. खोटी आशा त्या देत नसत. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, तेव्हा नव्हतो.

घरातले

मी कामावर रुजू झालो. बातमीदारीऐवजी टेबलावर बसवले. कोपर टेकले की लिहिता येत होते. वरच्या फळीवरची फाईल मात्र कोणालातरी मागावी लागे, आणि मागितली की देणारा आधी खांद्याकडे पाहायचा.

सुमनवर दोघांचे काम पडले. पाणी भरणे, दळण, वाळत घालणे, माझे केस विंचरणे, शाळेच्या वह्या. ती थकली की बोलत नसे. मी घाबरलो की जास्त बोलायचो. "बसला" हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हते. एकदा तिचा आवाज सर्दीने गेला तेव्हा तिने खुणेने घसा दाखवला, पण शब्द वापरला नाही.

एका रविवारी मी दोरीवरचा टॉवेल डाव्या हाताने ओढला आणि दोरीच तुटली. धुतलेले सगळे कपडे मातीत पडले.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली.

"तू कामात होतीस."

"मी कामातच असते. म्हणून सांगायचं नाही का? आणि मी सांगितलं तर तुम्हाला कळणार आहे का? आता मी काही बोलले की अर्थ विचारत जा मला. शाळेतल्या पोरांसारखा. शब्द लिहा, अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा."

"वाक्यात उपयोग करून दाखव."

"माझा नवरा माझ्या डोक्यावर बसला," ती म्हणाली आणि कपडे पुन्हा पिळायला घेतले. मी एका हाताने बादली धरली.

भीती अशी होती: मुंबईला खांदा उघडतील, नस तुटलेली निघेल, आणि तेव्हापासून हा हात फक्त टेबलावर ठेवायचा हात राहील. मी चौतीस वर्षांचा होतो. ही भीती मी कोणालाही सांगितली नव्हती. एका दुपारी डोळा लागला असताना हात खाटेवरून घसरून खाली लोंबकळला. जाग आली तेव्हा सुमन खाली बसली होती आणि हाताखाली उशी लावत होती.

"मुंबईला जाऊन नाही आला वर, तर?" मी विचारले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

हे उत्तर ऐकून मला झोप लागली. बरे होईल, काळजी करू नका, असे सगळे म्हणत होते, आणि त्याने झोप येत नव्हती.

एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक वसाहतीतून गेली. घोषणेबरोबर रस्ताभर उजवे हात वर जात होते. मी डावा केला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिले आणि त्यांनीही आपला डावा वर केला.

वीज गेली

मेच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली. सुमनने शाळेत कळवले. आई आठवडाभर राहायला यायची होती. जाण्याआधीच्या शेवटच्या दुपारी मी शेकायच्या खोलीत गेलो. सुमन बरोबर होती, कारण तिथून पुढे सामान घ्यायचे होते.

बाईंनी तुकडे ठेवले. मशीन सुरू केले. स्नायू उडी मारू लागला. मी डोळे मिटून नेहमीप्रमाणे मनाने हात उचलत होतो. तराफा, धुके, सगळे जागेवर होते. बाईंचे बोट खांद्यावर होते.

"उचला," त्या म्हणाल्या. "हां. उचला."

मी उचलत राहिलो.

"परत," त्या म्हणाल्या. आवाज बदललेला होता. "परत एकदा."

मी डोळे उघडले. पंखा थांबलेला होता. मशीनवरचा लाल दिवा विझलेला होता.

"वीज गेलीय," सुमन म्हणाली.

"केव्हाच," देशमानेबाई म्हणाल्या. "तुम्ही इकडं या. इथं बोट ठेवा. दाबू नका. आता तुम्ही उचला हो."

सुमनने बोट ठेवले. मी उचलला. हात जागचा हलला नाही. ती खांद्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा खांद्याकडे.

"काय वाटतंय?" बाईंनी विचारले.

"आत मासोळी वळल्यासारखं."

"दोघांनी एकच अर्थ घ्या बरं का या वेळी," बाई म्हणाल्या. आमची गोष्ट सगळ्या खोलीला माहीत होती. "नस जागी होतेय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः तपासले. बराच वेळ बोट ठेवून पाहिले. मुंबईला जाणे रद्द झाले.

त्यानंतर सगळे सावकाश झाले. पावसाळ्यात हात टेबलाच्या उंचीपर्यंत आला, मग छातीच्या. बोटांनी भिंत चढण्याचा व्यायाम बाईंनी दिला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझ्या बोटांचे डाग वर वर सरकत गेले. सुमनने ते पुसले नाहीत. ज्यांचे असे दुखणे सुरू आहे त्यांना एवढेच सांगता येईल की काही आठवड्यांत काहीच घडले नाही आणि ते आठवडेही उपचाराचेच होते.

ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, आम्ही घराला चुना लावला. मी उजव्या हाताने कुंचला धरला. दाराच्या चौकटीच्या वर वीतभर गेलो. त्यापुढची छतापर्यंतची पट्टी सुमनने स्टुलावर चढून लावली. स्टूल मी धरले.